शेवटच्या बांधीपर्यंत पाणी

आमच्या गावचा तलाव मी एका वाक्यात बुजवला. म्हातारीला फुशारकी मारायची सवय आहे असं घरात सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण या गोष्टीत फुशारकी मारावी असं काही नाही. तलाव लहान नव्हता. या काठावरून त्या काठावरच्या म्हशी पाहिल्या तर कोणती कोणाची ते सांगता येत नसे. टेकडीवरचं सगळं पाणी त्याच्यात उतरायचं आणि खालच्या सगळ्या धानाला तो पाजायचा. अशा तलावाचं वाटोळं करायला अक्कल लागते. माझ्याकडं ती विशी उलटायच्या आतच भरपूर होती.

माझं माहेर तुमसरकडचं, सासर कटंगीच्या बाजूचं. माझं लग्न झालं त्याच सुमारास प्रांतांची नवी वाटणी झाली. माहेर मुंबईच्या राज्यात गेलं, सासर मध्यप्रदेशात राहिलं. मी चौथी पास होते, त्यामुळं ही वाटणी मला विचारून केली असती तर बरी झाली असती असं माझं मत होतं. प्रत्येक गोष्टीवर माझं मत होतं. भातात पाणी किती घालायचं याच्यावर सोडून; कारण भात मला येत नव्हता.

सासरी एक रीत होती. वैशाखात तलावाचं पाणी आटून पोट उघडं पडलं, माती तडकून तिच्या ढेपा झाल्या, की घरटी माणसं येऊन तो गाळ उपसत. पुरुष गाडीत भरून आपापल्या बांधीत नेत. बांधी म्हणजे धानाचं खाचर. गाळ टाकलेल्या बांधीला दोन वर्षं खत लागत नसे. बाया टोपलीनं गाळ पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, नेऊन टाकत, म्हणजे पाळ उंच आणि जाड राही. गावात नवी सून आलेली असली तर पहिली टोपली तिची. म्हाताऱ्या तिच्या डोक्यावर तेल घालत, नवऱ्याचं नाव घ्यायला लावत, आणि मग बाकीच्या टोपल्या निघत. मी माझी पहिली टोपली अशी ऐटीत नेली की पाळ चढताना पाय घसरला आणि सगळा गाळ आत्याबाईंच्या पायांवर ओतला. आत्याबाई म्हणजे माझी सासू.

"पाळीवर न्याचा होता वं," त्या म्हणाल्या. "माह्यावर नाही बांधाची पाळ."

तलावाच्या पोटात मधोमध एक दगडी खांब होता. कोणी रोवला ते कोणालाच माहीत नव्हतं. त्याचा पायथा उघडा पडेपर्यंत उपसायचं, मग थांबायचं. माझ्या पहिल्या वैशाखात मी त्या खांबाशी पाठ लावून उभी राहिले तर तो माझ्याहून उंच होता.

मग ते वाक्य. मला वाटतं माझा तिसरा वैशाख असावा. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, जाऊन काही वर्षं झाली होती. मालगुजाराच्या काळी त्याचा माणूस पाळीवर उभा राही, कोणाच्या घरचं कोणी आलं नाही ते पाही. आता तो नव्हता. तलाव सरकारजमा झाला होता, पण सरकारचं कोणी पाळीवर उभं राहायला येत नव्हतं. लोक जुन्या सवयीनं येत होते, एवढंच. त्या दिवशी ऊन मरणाचं होतं. माझी मान आखडली होती. मी अर्ध्या पाळीवर टोपली खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाले, "तलाव सरकारचा ना? मंग सरकारची माती आपण काहून वाहून राह्यलो? सरकारच्या बायकोले बोलवा म्हणा. तिच्या सासऱ्याचा तलाव हाय, येऊ द्या तिले टोपली घेऊन."

"सरकारले बायका किती असतीन वं?" मागून एकीनं विचारलं.

"गावागणिक एक. आपल्या गावची कोणती ते हुडका."

बाया हसल्या. माझी नणंद, आमच्या ह्यांची धाकटी बहीण, तेव्हा परकरातली होती. ती तर हसून हसून गाळातच बसली. "वयनी, ती आली का तिच्या डोक्श्यावर तेल मी घालन," ती म्हणाली, आणि पुन्हा हसायची लाट आली. एकीनं टोपली ठेवली, दुसरीनं ठेवली. कोणी म्हणालं, घरी लेकरू झोपलं आहे. कोणाची चूल राहिली होती. दुपारपर्यंत पाळीवर टोपल्या होत्या आणि बाया नव्हत्या.

पुढच्या वैशाखात लोक एकमेकांना विचारू लागले, "आली का सरकारची बायको?" आणि हसून आपापल्या कामाला लागले. काही घरांनी गाड्या नेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी त्याही नेल्या नाहीत. एकट्या आत्याबाई सकाळी जाऊन थोड्या टोपल्या टाकून येत. मी म्हणायची, एका बाईनं काय होते? त्या म्हणायच्या, "एका बाईच्या तोंडानं तं लय झालं." पण त्याही माझ्यासारख्याच हट्टी, त्यांना गाळापेक्षा मला खिजवायचं असे, असं मला तेव्हा वाटे. अजूनही थोडं वाटतं.

एवढी गोष्ट मी आजवर कितीदा सांगितली असेल! लग्नात, बारशाला, रोवणीच्या वेळी बांधीत वाकून. लोक हसतात, मीही हसते. पण गोष्ट इथं संपत नाही.

नणंद लग्नाची झाली. आमच्याकडं मुलगी द्यायच्या आधी पाणी पाहत. तलावाचं तोंड उघडलं की मुलीच्या आईनं त्या पाण्याबरोबर पाटाच्या काठानं चालत जायचं, मुलाच्या बांधीपर्यंत. शिदोरी बरोबर न्यायची, पण पाणी बांधीत शिरल्याशिवाय सोडायची नाही. पाणी जोरात शिरलं तर घर चांगलं. मुलाचे नाक-डोळे, शेतीवाडी, माणसं, हे सगळं त्याच्या नंतर.

स्थळ होतं खालच्या टोलीतलं. टोली म्हणजे गावाचंच शेपूट, हाक मारली तर ऐकू यावी इतक्या अंतरावर. मुलगा उंच, कामाचा, हसरा. त्यांच्या बांध्या मात्र पाटाच्या अगदी शेवटी, जुन्या नाल्याला लागून. आत्याबाईंबरोबर मी गेले. पाणी आमच्या पुढं निघालं, वरच्या बांध्यांपाशी धावत होतं, मधल्यांपाशी चालायला लागलं, आणि टोलीच्या अलीकडं वाळक्या पानांच्या खालून हुंगत हुंगत सरकू लागलं. आत्याबाई थांबल्या.

"पाणी थकलं वं."

मला भूक लागली होती. शिदोरीत वांग्याची भाजी होती आणि ती मीच बांधली होती, म्हणजे मला ती दिसतही होती. शिवाय दुसरं स्थळ लांबचं, लालबर्ऱ्याकडचं होतं. नणंद तिकडं गेली तर माझ्याबरोबर हसायला घरात कोण राहणार? ही टोली कशी, संध्याकाळी उठलं की जाऊन येता येईल. मी म्हणाले, "थकलं नाही आत्याबाई, जमीन तहानलेली हाय. पाहा, शिरलं ना? आता सोडा शिदोरी."

पाणी शिरलं, हे खरं. पायाचा अंगठा भिजेल एवढं. आत्याबाई बराच वेळ बांधावर उभ्या राहिल्या आणि मग बसल्या. मी त्यांच्या वाट्याचंही वांगं खाल्लं. त्या वर्षी लग्न झालं.

त्याच्यानंतर टेकडी गेली. ठेकेदाराची माणसं आली. सागवान, ऐन, धावडा, सगळं पाडू लागली. खाणींना आत टेकू द्यायला लाकूड लागे, रेल्वेला लागे. आमच्याच गावचे पुरुष तोडायला जात. रोजी मिळत होती. कोणी रडलं नाही. मी स्वतः फांद्यांचे भारे आणले, त्या वर्षी आमच्या चुलीला काटकी कमी पडली नाही. झाडं सरली तेव्हा टेकडी नुसती खुंटांची उरली, न्हाव्यानं अर्ध्यात सोडलेल्या डोक्यासारखी. मग लोक खुंट काढून नांगर घालू लागले. जो नांगर घालेल त्याची जमीन, पुढं पट्टे होतील, असं बोललं जात होतं. 

आमचे हे आधी नाही म्हणत होते. "बैल चढत नाहीत तिथं," म्हणाले. मीच मागं लागले. बांध्या सगळ्या सासूच्या राज्यातल्या. मला माझं म्हणून शेत पाहिजे होतं. शेजारणीनं टेकडीवरचे तीळ आणून माझ्या ओट्यावर पसरले होते, पांढरेशुभ्र. दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ह्यांनी बैल जुंपले.

आणि नांगरायचं कसं, तेही मीच सांगितलं. ह्यांनी आडवं सुरू केलं होतं. मी खालून पाहिलं तर वेड्यावाकड्या रेघा. म्हटलं, शेजारणीचं शेत केसातल्या भांगासारखं दिसते, आपलं काहून असं? उभं नांगरा, वरून खाली. बैलांना उतरणीला सोपं जाई, तेव्हा ह्यांनाही ते पटलं. मी रोज संध्याकाळी पाळीवर जाऊन माझी टेकडी पाहायची. सरळ रेघा. गावातून कोणालाही दिसाव्या अशा.

तीळ झाले. कोदो, ते बारीक भरड धान्य, तेही झालं. आत्याबाईंनी तिळाचे लाडू वळले आणि लेकीच्या टोलीत नेऊन दिले. टेकडीला कोणी नावं ठेवली नाहीत, लाडू सगळ्यांनी खाल्ले. पावसाळ्यात टेकडीकडून येणारा ओढा लाल होऊन आला. आम्ही बाया पाळीवर उभ्या राहून पाहत होतो. "देवाचा चहा उतू गेला," मी म्हणाले. सगळ्या हसल्या. माझं बोलणं ऐकून हसायची सवयच लागली होती गावाला.

खांब बुटका होऊ लागला. एका वर्षी माझ्या खांद्याला आला, मग कमरेला. पायथा तर कोणी पाहिला नाही पुन्हा. आत्याबाई म्हणाल्या, पाळीवरच्या देवाला कोंबडा दिला नाही म्हणून तलाव रुसला. कोंबडा दिला. तो मी छान शिजवला, एव्हाना शिजवता येऊ लागलं होतं. तलाव वर येतच राहिला. एका वैशाखात मी त्या खांबावर मांडी घालून बसले आणि नणंदेला हाक मारली, "बाई, पाह्य, मी तलावाची मालगुजारीण झाली!" ती टोलीतून गावच्या विहिरीवर पाणी भरायला आली होती, पोटुशी होती. ती हसली नाही. खांबाकडं पाहून म्हणाली, "वयनी, मंग पाणी कुठं राहीन?"

मी म्हटलं, तलाव रुंद आहे, पसरून राहील. माझ्याकडं उत्तर नसलेला प्रश्न अजून जन्मायचा होता.

पसरून राहिलेलं पाणी उन्हानं पिऊन टाकलं. चांगल्या पावसातही तलाव लवकर भरे आणि लवकर सरे. तोंड उघडलं की वरच्या बांध्या आधी, मग मधल्या, मग शेवटच्या. आमच्या मधल्या होत्या. टोलीपर्यंत पाणी एका वर्षी उशिरा गेलं, एका वर्षी अर्धं गेलं. मग पासष्ट-सहासष्टचे ते कोरडे पावसाळे आले.

त्या पहिल्या कोरड्या वर्षी धान पोटरीत आलं होतं आणि पाणी घ्यायची पाळी आमची होती. ह्यांनी पाट आमच्या बांधीत वळवला होता आणि मी बांधावर राखण बसले होते, कारण लोक पाणी चोरत. नणंद आली. कडेवर लेकरू.

"वयनी, थोडं खाली सोड ना. लोंबी भरून राह्यली. एक वेळ भेटलं तं होऊन जाईन."

"पाणीच नाही बाई. पाह्य, माह्याच धानाच्या मुळ्या भिजत नाहीत."

"दिसून राह्यलं मले. तरी सोड."

"सोडलं तं तुह्यापर्यंत नाही पोहोचत. मधातच पिऊन टाकते जमीन. तुहंही जाईन, माहंही जाईन."

"पोहोचते का नाही, ते सोडून पाहू."

मी सोडलं नाही. खरं सांगायचं तर पोहोचलं नसतंच. पाट तिथवर भेगाळला होता. पण ते मला सोडल्यावर कळायला पाहिजे होतं, आधी नाही. लेकरानं माझ्याकडं हात केले, मी घेतलं, दोन मुके घेतले, परत दिलं. ती गेली. तिच्या बांधीतलं धान लोंब्यांसकट पांढरं पडलं. तिनं ते बैलांना कापून घातलं.

धान गेलं की आमच्याकडं लाखोळी. ओल असतानाच धानात लाखोळीचं बी टाकतात. धान कापलं की ती वर येते, तिला पाणी लागत नाही. पाऊस गेला, तलाव गेला, सगळं गेलं तरी लाखोळी येतेच. डाळ होते, पिठाची भाकर होते. थोडी खाल्ली तर काही नाही. रोज, दोन्ही वेळ, तीच खाल्ली तर पायांत उतरते, हे जुनी माणसं सांगत. पण दुसरं काही नसेल तेव्हा असलं सांगणं कोण ऐकतं?

नणंदेच्या घरी दोन्ही वेळ लाखोळी होती. आणि आमच्या घरून तिला काय गेलं? लाखोळी. आमच्याकडं तांदूळ होता, फार नव्हता, पण होता. तो आत्याबाईंनी आणि मी दोघींनी मिळून कोठीत ठेवला, आणि लेकीला पोतं पाठवलं ते लाखोळीचं. मी स्वतः पोत्याचं तोंड शिवलं. गाडीत टाकताना मनात म्हटलं, केवढं आपलं मन! पोतं भरून दिलं! आत्याबाईंनीही डोळे पुसले. दोघींना आपापल्या चांगुलपणाचं कौतुक वाटत होतं. घरात तांदळाचा भात रटरटत होता.

दुसऱ्या कोरड्या वर्षी, थंडीत, नंदोई, म्हणजे नणंदेचा नवरा, सकाळी उठला तर त्याच्या पोटऱ्या आखडलेल्या. म्हणाला, गारठ्यानं झालं असेल. मग पाय जड पडू लागले. मग टाचा टेकेनात. चवड्यांवर चालायचा, गुडघे एकमेकांवर घासत, कैचीसारखे. तो माणूस उंच होता म्हणून सांगितलं ना, तो आता माझ्याएवढा दिसायला लागला. आधी एक काठी, मग दोन. आम्ही त्याला बैलगाडीनं कटंगीला आणि तिथून मोटारीनं बालाघाटला नेलं. डॉक्टरनं पाय ठोकून पाहिले, काय खाता ते विचारलं. नणंदेनं सांगितलं.

"अब मत खाना," डॉक्टर म्हणाला.

"और पैर?" मी विचारलं.

त्यानं नाही अशी मान हलवली. इतकीच. परत येताना मोटारीत नंदोई माझ्या शेजारी बसला होता. म्हणाला, "वयनी, हसवा ना काही. तुम्ही तं लय हसवता." मी त्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत बसले.

त्याच्यानंतर नांगर नणंदेनं धरला. आमच्याकडं बाई नांगर धरत नाही. गावानं तोंड वाकडं केलं. आत्याबाई रडल्या, म्हणाल्या, लोक काय म्हणतीन. नणंद म्हणाली, "म्हणायले मोकळे हायत. धराले कोणी मोकळा नाही." ह्यांनी जाऊन दोन दिवस नांगरून दिलं, पण आमचंही नांगरायचं होतं. मी मात्र कोठीतला तांदूळ काढून पाठवायला लागले. त्याचे पाय गेल्यावर.

पाऊस पुन्हा बरा होऊ लागला. नणंदेनं शेवटच्या बांधीत पाटाची वाट न पाहता, पडेल त्या पावसावर धान घेतलं. एक वर्ष थोडं आलं. पुढचं आणखी बरं. नंदोई बांधावर बसून पाखरं हाकलायचा. मला वाटलं, निभावलं. माझ्या मनाला निभावलं म्हणायची फार घाई असते.

मग तो भादवा आला. तीन दिवस पाऊस थांबला नाही. टेकडीवर त्याला अडवायला काही नव्हतं. माझ्या सरळ रेघांतून तो धावत खाली आला, आणि तलावात त्याला उतरायला जागा नव्हती, कारण तिथं माती बसली होती. सकाळी लोक पाळीवर धावले. पाणी पाळीच्या वरून जात होतं. पुरुषांनी पोती टाकली, बायांनी काट्याकुट्यांचे भारे टाकले, मीही टाकले. ज्या जागी पाळीवर वर्षानुवर्षं कोणी टोपली टाकली नव्हती, तिथून एक चीर गेली आणि पाळ बसली. आवाज फार झाला नाही. एखादी म्हैस उठून उभी राहावी तसं झालं, आणि तलाव निघाला.

पाणी पाटानं नाही गेलं, ते जुन्या नाल्यानं गेलं. नाला टोलीपाशी वळतो. तिथं शेवटची बांधी.

माणूस कोणी गेलं नाही. नणंदेनं नंदोईला पाठीवर घेऊन आणि लेकराला दंडाला धरून शेजारच्या माळ्यावर चढवलं होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो तेव्हा बांधी नव्हती. बांध नव्हते, धान नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल माती, वाळू, मुरूम. मध्ये मध्ये काही हिरवं दिसत होतं. मी जवळ जाऊन पाहिलं. तिळाची रोपं होती, मुळासकट उपटून आलेली, फुलं लागलेली. कोणाच्या शेतातली ते ओळखायला मला कोणाला विचारावं लागलं नाही. मी ती उपटून, म्हणजे उचलून, नाल्यात फेकायला लागले. नणंद पाहत होती. म्हणाली, "राहू दे. बकऱ्या खातीन."

पुढं ती खाणीवर मँगनीज फोडायला जाऊ लागली. सकाळी अंधारात निघायची, रात्री यायची, हात काळे. त्या बांधीत धान पुन्हा कधीच झालं नाही. तिथं टोलीची गुरं चरतात. तलावातही आता गुरंच चरतात. हे इथंच सांगून टाकते, कारण शेवटाला मला तिचं बोलणं ठेवायचं आहे.

दिवाळी झाली होती. खाणीवर जायला लागायच्या आधीची गोष्ट. माझ्या मनात येत होतं की काहीतरी केलं पाहिजे. मी ह्यांच्यापाशी विषय काढला, पुन्हा दोन दिवस अबोला धरला, आणि टेकडीवरचं अर्धं शेत बहिणीला द्यायचं असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. मग मी चांगलं लुगडं नेसले. वाटेत काय बोलायचं ते घोकत गेले. ती रडेल, मी तिला जवळ घेईन, हेही ठरवून ठेवलं होतं. कोठं बसून रडायचं तेवढं ठरायचं होतं.

ती बांधीत होती. फावड्यानं वाळू ओढत होती. एका कोपऱ्यात पांघरुणाएवढी जागा मोकळी झाली होती आणि खालची काळी माती दिसत होती. नंदोई काठ्या शेजारी ठेवून बसला होता, हाताला लागतील ते गोटे उचलून नाल्याकडं भिरकावत होता. मी बांध होता तिथं उभी राहिले. घोकलेलं सगळं विसरले आणि एकदम बोलून गेले, "बाई, टेकडीवरचं अर्धं शेत तुह्यं. तुह्या दादानं हौ म्हटलं."

ती थांबली नाही. दोन फावडी वाळू ओढली. मग फावडं टेकवून माझ्याकडं वळली. रडली नाही, रागावलीही नाही. पायाखालची लाल माती तिनं मूठभर उचलली, बोटांतून सांडू दिली आणि म्हणाली,

"टेकडीवर आता माती कुठं राह्यली वयनी? होती तेवढी सारी माह्या बांधीत येऊन बसली. तू मले काय देऊन राह्यली, गोटे?"